गायरानाची सभा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे केडगावच्या शाळेतली पोरं नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायची. खोटं नव्हतंच ते. माझं माहेर राहूचं आणि नोकरी केडगावची, म्हणजे दोन्ही दौंड तालुक्यात. सासर मात्र शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं. रोजचं जाणंयेणं एसटीच्या भरवशावर होईना, म्हणून मी स्कूटी घेतली. गावात स्कूटी चालवणारी पहिली बाई मीच. गावामागच्या गायरानावर आमचे हे मागून धरून पळायचे आणि मी त्यांच्यावरच ओरडायचे. दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण शिकले.

शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्राला कुणी विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी दरवर्षी फळ्यावर तीन गोल काढायचे. एक कायदे करणाऱ्यांचा, एक कारभार करणाऱ्यांचा, एक न्याय देणाऱ्यांचा. प्रत्येक गोलातून दुसऱ्याकडं बाण. म्हणायचे, "पोरांनो, हे बाण महत्त्वाचे. प्रत्येकानं दुसऱ्याला अडवायचं, म्हणजे कुणी एकटा माजत नाही." मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न यायचा, "बाई, हे परीक्षेला येतं का?" येतं म्हटलं की लिहून घ्यायची, न्हाई म्हटलं की खिडकीबाहेर बघायची. मला तरी ते बाण खरे कुठं दिसले होते? पुस्तकात होते म्हणून शिकवत होते.

निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. निवड थेट गावातून होती. आमचे हे म्हणाले, "तुला आख्खं गाव घाबरतं. दुसरं कुणी उभं करून उपयोग न्हाई." मी निवडून आले, पण सदस्य जवळजवळ सगळे उपसरपंचाच्या गटाचे आले. हा उपसरपंच म्हणजे कंपन्यांना कामगार पुरवणारा ठेकेदार. माणूस गोड बोलणारा, नात्यानं आमचा भावकीतला दीर, मला वहिनी म्हणणारा. पहिली दोन वर्षं आमचं बरं चाललं. रस्ते झाले, पाण्याची टाकी झाली. मग गायरानाचा विषय निघाला.

गायरान म्हणजे गावाची चराऊ जमीन. मालकी सरकारची, देखरेख पंचायतीची आणि वापर सगळ्या गावाचा. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. माझ्या आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा आहे. पण गायरानात अजून जीव आहे. कुणाच्या शेरडा-करडांना ते लागतं, कुणी गोवऱ्या थापतं, पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचा मांडवही तिथंच पडतो. उपसरपंचाच्या ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला ते ट्रेलर उभे करायला हवं होतं. आणि मला? मला तिथं बाग हवी होती. छान दगडी भिंत, लोखंडी गेट, बाकडी, फिरायला फरशीची वाट. नकाशा काढून घेऊन मी तो ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. येईल त्याला दाखवायचे.

मासिक सभेत उपसरपंचानं ट्रकतळाचा ठराव तयार करूनच आणला. मी वाचला आणि परत त्याच्याकडं सरकवला.

"हा विषय इथं बसत न्हाई. गायरान तुमच्या-माझ्या बापाचं न्हाई. ग्रामसभेत ठेवा, गाव म्हणेल तसं. मग वरचे साहेब काय म्हणतात ते बघू."

तो हसला. "वहिनी, ग्रामसभेला येतंय कोण? शिपाई रजिस्टर घिऊन डेअरीवर उभा ऱ्हायला की झाली आपली ग्रामसभा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडं ग्रामसभा तशीच व्हायची. सकाळी दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून सही करायची, कशावर केली ते विचारायचीसुद्धा न्हाईत. सभेला लागतात तेवढ्या सह्या भरल्या की शिपाई चहा पिऊन परत. सगळ्या गावाला ते सोयीचं होतं. पण त्या दिवशी माझं पित्त खवळलं.

"या वेळी खरी ग्रामसभा घ्यायची," मी म्हणाले. "माणसं बसलेली दिसली पाहिजेत."

"मग खुर्ची बी खरी ऱ्हातीय का बघू," तो उठता उठता बोलला.

आठ दिवस गेले नसतील, शिरूरला तहसीलदारांकडं माझ्याविरुद्ध अविश्वासाची नोटीस गेली. मी मनमानी करते, सदस्यांना विश्वासात घेत न्हाई, असं काय काय त्यात लिहिलेलं. सदस्यांची सभा बोलावली गेली. हात वर करायला सांगितले आणि माझ्यासमोर एकेक हात वर गेला. ज्यांच्या पोरांना मी फुकट शिकवण्या दिल्या होत्या, त्यांचेही गेले. एकच हात खाली राहिला. तो बुद्धविहाराजवळच्या वॉर्डातल्या सदस्येचा. ती कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. उपसरपंचानं तिच्याकडं रोखून पाहिलं तसं ती म्हणाली, "बघताय काय? माझा हात खाली हाय आन् खालीच ऱ्हाणार."

ठराव मंजूर झाला. घरी येऊन मी रडले, मग रडल्याचा राग आला म्हणून भांडी आपटली. आमचे हे दारात उभे. म्हणाले, "उद्या शिरूरला जाऊ. कोर्टातनं स्टे आणू."

शिरूरच्या कोर्टात माझाच एक जुना विद्यार्थी वकिली करतो. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यापुढं चहा सरकवला.

"बाई, घाई करू नका. तुम्ही अजून सरपंच आहात."

"अरे, ठराव झाला ना!"

"सदस्यांनी केला. पण तुम्हाला सदस्यांनी निवडलं नव्हतं, गावानं निवडलं. म्हणून काढायलाही गावाची मान्यता लागते. खास ग्रामसभा बसेल. गुप्त मतदान होईल. तिथं ना तुम्ही अध्यक्ष, ना उपसरपंच. सरकारचा अधिकारी बसेल, आणि त्या अधिकाऱ्याला स्वतःचं मत नसेल. सगळं झाल्यावर काही चुकलं असेल तर वर दाद मागता येते. पण गावाच्या आधी कोर्टात पळू नका." मग हसून म्हणाला, "बाण, बाई. तुम्हीच काढायचा की फळ्यावर."

"तुला तर नागरिकशास्त्रात कधी धड मार्क पडले न्हाईत."

"म्हणून तर पुढं सगळा कायदा वाचावा लागला."

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. पण घरी येईपर्यंत ते मावळलं, कारण माझी खुर्ची गेली तर पुढच्याच आठवड्यात ट्रकतळाच्या ठरावासाठी शिपाई डेअरीवर उभा राहणार, हे मला लख्ख दिसत होतं.

आता भीती मतपत्रिकेची होती. तिच्यावर दोन चौकोन असणार, "अविश्वास मंजूर" आणि "अविश्वास नामंजूर". आमच्या लोकांना मंजूर शब्दाची भारी सवय. घरकुल मंजूर, विहीर मंजूर, मंजूर झालं म्हणजे चांगलंच झालं. बाई हव्यात म्हणून माणूस मंजूरवर शिक्का मारायचा आणि बाईंनाच घरी पाठवायचा! मी दारोदार फिरले. म्हाताऱ्या आप्पांना, मामांना ओट्यावर बसवून समजावलं. एक आप्पा म्हणाले, "म्हंजी तू पायजेल तर न्हाई म्हणायचं व्हय? ह्ये कसलं गं राज्य?" मी म्हणाले, "आप्पा, मी पाहिजे तर नामंजूर, एवढंच ध्यानात ठेवा, बाकी राज्याचं मी बघते." ते म्हणाले, "चिडती कशाला? मारतू की."

उपसरपंचही गप्प बसला नव्हता. सभेसाठी त्यानं तहसीलदार साहेबांकडून कंपन्यांच्या सुट्टीचा दिवस मागून घेतला. त्याच्या ठेक्यावरची सगळी पोरं त्या दिवशी घरी असणार होती, आणि ती पोरं त्याच्या शब्दाबाहेर जाणार न्हाईत, असा त्याचा हिशोब. शिवाय वाड्यावस्त्यांवरून माणसं आणायला जीपगाड्या लावल्या. आल्यावर पोहे आणि चहा. ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडं ना जीप, ना पोहे.

सभेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. अध्यक्ष म्हणून नायब तहसीलदार आल्या. वयानं अगदी माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींएवढ्या. मी सवयीनं व्यासपीठावर जाऊन बसले. त्या वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आज तुम्ही खाली बसा." माझ्या गावात, माझ्या सभेत मला खाली बसा! मी तोंड उघडलं, पण त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला ओळखीची होती. वर्गात मीच तशी बघायचे. मी उठून खाली सतरंजीवर बसले.

उपसरपंच खुशीत आला. पुढं होऊन म्हणाला, "मॅडम, कागदं कशाला, टाइम जाईल. हात वर करून घिऊ की! आपलीच माणसं हायेत."

"कायद्यात गुप्त लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हीही खाली बसा."

मग मी माझं भाषण काढलं. रात्रभर बसून लिहिलं होतं, तीन गोलांपासून सुरुवात होती. त्यांनी हात वर केला. "भाषणं नाहीत. आज फक्त मतदान." भाषण घडी करून पर्समध्ये गेलं. राग गिळावा लागला, तोही पाण्याशिवाय.

आणि मग गाड्या यायला लागल्या. पहिल्या जीपमधून पोरं उतरली. दुसऱ्या जीपमधून मात्र बायाच बाया. तिसरीतही तेच. कंपनीची सुट्टी फक्त पोरांना असते, असं उपसरपंचाला वाटलं होतं की काय कोण जाणे! त्यांच्या बायका, बहिणी, भावजया कुठं कामाला जातात? पॅकिंगला, असेंब्लीला, कँटीनला. त्यांनाही तीच सुट्टी. पोरींनी तोंडाला स्कार्फ बांधलेले, कंबरेवर लेकरं, पायात कंपनीचे बूट. सगळ्यात पुढच्या सीटवर बसून कोण आलं, तर खुद्द उपसरपंचाची धाकटी सून. कंपनीत लाइनवर उभी असते ती. सासऱ्याच्या गाडीतून उतरली, सासऱ्याचे पोहे खाल्ले आणि माझ्याकडं न बघता रांगेत जाऊन उभी राहिली.

आमच्या गावात एवढी ग्रामसभा मी कधी पाहिली नव्हती. मांडव कमी पडला, माणसं कडुनिंबाखाली, शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीवर बसली. म्हाताऱ्या आजीबाई एकमेकींना धरून आडोशामागं जायच्या आणि बाहेर येताना बोटाला लागलेली शाई पदराला पुसायच्या. कँटीनवाली सदस्या माझ्याजवळ येऊन टेकली. म्हणाली, "बाई, मुंडकं वर करा. गाव आलंय."

मोजणी सगळ्यांसमोर झाली. टेबलावर दोन थप्प्या. मी बघायचंच न्हाई असं ठरवलं होतं, पण डोळे ऐकतात होय? नामंजूरची थप्पी आधी बरोबरीनं चालली, मग थोडी पुढं गेली, मग एवढी पुढं गेली की उपसरपंच सतरंजीवरून उठून झाडाकडं गेला आणि मोबाइल कानाला लावून उभा राहिला. नायब तहसीलदार उभ्या राहिल्या. "अविश्वासाचा ठराव ग्रामसभेनं फेटाळला आहे. सरपंच पदावर कायम आहेत."

काय सांगू! हलगी कुणी आणली, गुलाल कुठून आला, कुणाला पत्ता न्हाई. आमचे हे, जे स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचले नव्हते, ते धोतराचा सोगा खोचून नाचले. ओट्यावरचे आप्पा गर्दीतून ओरडले, "न्हाई म्हन्लो गं मी! न्हाई म्हन्लो!" मी भर मैदानात खदाखदा हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यभर खडूनं काढलेले बाण त्या दिवशी मैदानावर उभे होते, स्कार्फ बांधून, लेकरं घेऊन. सदस्यांनी मला अडवलं, गावानं सदस्यांना अडवलं आणि त्या तरण्या अधिकारी बाईनं आम्हा सगळ्यांनाच अडवलं. मला वाटलं, जिंकले. गाव माझं आहे.

उपसरपंचानं पुढं पुण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार नेली, मतदान नीट झालं न्हाई म्हणून. तिथं ती टिकली न्हाई. मग तो गप्प झाला, आणि मी महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला दोन विषय ठेवले. एक, गायरान ट्रकतळाला द्यायचं का. दोन, गायरानावर बाग करायची का. दुसऱ्याची मला काळजीच नव्हती. नकाशा मोठा करून भिंतीवर लावला होता.

शिपायाला त्या दिवशी डेअरीवर जावं लागलं न्हाई. माणसं आपण होऊन आली. एकदा येऊन बघितलं होतं ना, चटक लागली. ट्रकतळाचा विषय तर आरोळीतच उडाला. मी खूश होऊन बागेचा विषय वाचला. भिंत, गेट, बाकडी, सगळं सांगितलं. टाळ्या वाजतील म्हणून थांबले. कुणी वाजवल्या न्हाईत.

उपसरपंचाची धाकटी सून उठली. सासरे समोर बसलेले, म्हणून ओढणी डोक्यावर घेतली, पण आवाज खणखणीत.

"बाई, भिंत येणार म्हंजी चारी बाजूंनी का?"

"मग? कुंपणाशिवाय बाग कशी राहील?"

"आन् गेटला कुलूप?"

"सकाळ-संध्याकाळ उघडायचं."

"मंग आम्ही गाडी कुठं शिकायची?"

सभेत एकदम गलका झाला. "व्हय, व्हय!" बाया बोलायला लागल्या. ती पुढं म्हणाली, "बाई, रोडवर शिकायला गेलं तर ट्रक हायेत, आन् पडलं की हसणारी माणसं हायेत. गायरानावर पडलं तरी कुणी बघत न्हाई. मी तिथंच शिकले म्हणून कंपनीत जाते. न्हाईतर रोज ह्यांच्या मागं बसायला मिळायची वाट बघत बसले असते. त्या दिवशी तुमच्यासाठी मत दिलंच, पण जागेसाठी बी दिलं. ट्रकवाल्याला नगं, तसं भिंतीला बी नगं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांच्यासाठी मी उन्हातान्हात फिरले! "तुम्हाला चांगलं काही कळतं का गं?" मी कडाडले. "बागेत तुमचीच पोरं खेळणार!"

"पोरं आत्ता बी तिथंच खेळत्यात," ती म्हणाली.

शेजारून कँटीनवाली सदस्या माझ्या कानाशी आली. "बाई, वेसण सगळ्यांच्याच नाकात हाय. तुमच्या बी."

मी तिच्याकडं बघितलं. मग समोर बघितलं. पहिल्या रांगेतल्या एका पोरीच्या कोपरावर ताजं खरचटलेलं होतं. तसंच माझ्या गुडघ्यांवर होतं, त्याच मातीचं. ते मी नकाशा काढताना कसं विसरले?

हात वर करायला सांगितले. बागेच्या बाजूनं आमच्या ह्यांचा हात वर गेला, तोही अर्धाच. विरुद्ध मात्र सगळं मैदान. उपसरपंच हसायला लागला, मग सुनेकडं बघून हसायचा थांबला, कारण तिनं त्यालाही अडवलं होतं आणि मलाही. मला राग यायला हवा होता. आला न्हाई. उलट ऊर भरून आला. केडगावच्या वर्गात एवढ्या वर्षांत एकाही पोरानं न विचारलेला प्रश्न या पोरीनं भर सभेत मला विचारला होता, आणि तो परीक्षेला येतो का, हे तिला विचारावं लागलं न्हाई. "बागेचा विषय ग्रामसभेनं नामंजूर केला," मी मोठ्यानं म्हणत सभेच्या वहीत लिहिलं, आणि खाली सरपंच म्हणून माझी सही केली. एवढ्या आनंदानं मी माझ्याविरुद्ध कधीच काही लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी एकटीच गायरानावर गेले. शेरडं परतत होती. मी मध्यावर उभी राहून बघत होते, कुठं भिंत येणार होती, कुठं गेट. तेवढ्यात पलीकडून एक स्कूटी लटपटत आली. वर एक नवी सून, तोंड भीतीनं पांढरं, पाय दोन्ही बाजूंना जमिनीवर घासत. मागून उपसरपंचाची धाकटी सून हात पसरून पळत होती, आमचे हे पळायचे तशीच.

"बाई, बाजूला व्हा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "ब्रेक लागत न्हाई हिला! बाजूला व्हा!"

आणि गावच्या सरपंचबाई साडी सावरत बाजूला झाल्या.